रफ्तार आणि परवाज

१ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकन हवाई दलाचं एक काळंभोर, चपटं, लांबट विमान न्यूयॉर्कवरून निघून लंडनवर पोहोचलं. मध्ये सगळा अटलांटिक महासागर. अंतर सुमारे ५,५७० किलोमीटर. वेळ लागला १ तास ५४ मिनिटं ५६.४ सेकंद. म्हणजे सरासरी वेग ताशी २,९०० किलोमीटरहून थोडा जास्त. विमानाचं नाव एसआर-७१ ब्लॅकबर्ड. आत दोनच माणसं होती, जेम्स सलिव्हन आणि नोएल विडिफील्ड. या गोष्टीला पन्नास वर्षं उलटून गेली, पण तो विक्रम अजून मोडलेला नाही.

मी घाटकोपरच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. आमचा वर्ग विमानांच्या वाटेखालीच आहे. उतरणारी विमानं एवढी खाली असतात की फळ्याकडे तोंड करून बोलत असले तर वाक्य अर्ध्यावर थांबवावं लागतं. मुलांना त्याची सवय आहे. शेपटीच्या रंगावरून कंपनी ओळखणारी पोरं माझ्या वर्गात आहेत. त्यांच्यापैकीच एकाने जनरल नॉलेजच्या पुस्तकातून हा विक्रम शोधून आणला आणि मराठीच्या तासाला मोठ्याने वाचून दाखवला. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "टीचर, एवढ्या टायमात तर आपण बोरिवलीला जाऊन येतो!"

हिशेब अगदी बरोबर होता. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, तिथे जिना उतरून पश्चिम रेल्वेच्या गर्दीत शिरायचं, मग बोरिवली. जाऊन-येऊन दोन तास कुठे जातात ते कळत नाही. तेवढ्यात महासागर. वर्ग हसला, पण बोरिवलीचं नाव निघालं आणि मला दुसरी एक गोष्ट आठवली. तिच्याकडे येतेच. आधी या काळ्या विमानाचं थोडं सांगते, कारण मुलांनी पुढचा आठवडाभर मला त्याच्यावरच प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न, एवढं जोरात कसं? हे विमान ध्वनीच्या तिप्पट वेगाने, ऐंशी हजार फुटांच्याही वर उडायचं. आपली नेहमीची प्रवासी विमानं पस्तीस-चाळीस हजार फुटांवर असतात, म्हणजे त्यांच्या दुप्पट उंचीवर. तिथे हवा इतकी विरळ की वैमानिकांना अंतराळवीरांसारखा पोशाख घालावा लागे. आणि तिथेसुद्धा हवेच्या घर्षणाने विमानाचं अंग शेकडो अंश तापायचं. साधं ॲल्युमिनियम तिथे टिकलं नसतं, म्हणून ते मुख्यतः टायटॅनियमचं बनवलं होतं. उन्हात रेल्वेचे रूळ जसे फुगतात, तसं ते विमान उडताना फुगे. ती जागा ठेवण्यासाठी जोड मुद्दाम सैल ठेवलेले, त्यामुळे जमिनीवर उभं असताना टाकीतून इंधन ठिबकत राही. आकाशात तापलं की सगळे सांधे घट्ट बसत.

विक्रमाच्या दिवशी ते कॅलिफोर्नियातून उडालं होतं. वाटेत दुसऱ्या विमानातून हवेतच इंधन घेतलं, आणि न्यूयॉर्कवर घड्याळ सुरू झालं तेव्हा ते आधीच भरधाव होतं. समुद्रावर पुन्हा एकदा इंधन घेण्यासाठी त्याला वेग कमी करावा लागला. तो वेळही त्या १ तास ५४ मिनिटांतच धरलेला आहे.

दुसरा प्रश्न खास आमच्या शाळेतला होता. तेच विमान, वैमानिक वेगळे, १३ सप्टेंबरला लंडनहून लॉस एंजेलिसला परत गेलं, ३ तास ४७ मिनिटांत. दोन शहरांच्या घड्याळांत आठ तासांचा फरक. म्हणजे लंडनच्या घड्याळात ज्या वाजता निघाले, त्याच्या चार तास आधीची वेळ लॉस एंजेलिसच्या घड्याळात दिसत असताना ते पोहोचले. सूर्यालाही मागे टाकलं. हे फळ्यावर काढून दाखवल्यावर एक मुलगा बराच वेळ बोटं मोजत बसला आणि म्हणाला, "टीचर, मग लंडनला जोहर पढून निघालेला माणूस तिकडे पोहोचला की परत जोहरचा वक्त येणार. त्याने काय करायचं?" मी म्हटलं, हा मराठीचा तास आहे, हा मसला मौलवीसाहेबांना विचार. पण खरं सांगू, भूगोलाच्या पुस्तकातलं रेखावृत्त इतकं नीट समजलेलं पोर मी याआधी पाहिलं नव्हतं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. एका मुलीने विचारलं, "त्याच्यात बसून कोण कुठे गेलं?"

कुणीच नाही. ते प्रवासी विमान नव्हतं. हेरगिरीचं होतं. शीतयुद्धाच्या काळात शत्रूच्या प्रदेशाचे फोटो काढायचे आणि क्षेपणास्त्र गाठायच्या आत निघून जायचं, हे त्याचं काम. गंमत अशी सांगतात की त्याला लागणारं टायटॅनियम पुरेसं मिळेना, तेव्हा ते नावापुरत्या कंपन्या पुढे करून सोव्हिएत रशियाकडूनच विकत घेतलं गेलं. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच मालाने. अशी ३२ विमानं बांधली. शत्रूला त्यातलं एकही पाडता आलं नाही, पण १२ अपघातांत गेली. खर्च अफाट होता आणि फोटो काढायला उपग्रह आले होते. १९९० मध्ये हवाई दलाने ती निवृत्त केली. मध्ये काही थोड्या दिवसांसाठी पुन्हा बाहेर काढली, आणि १९९९ मध्ये शेवटचं उड्डाण झालं. आता ती संग्रहालयांत उभी आहेत.

कॉन्कॉर्ड नावाचं प्रवासी विमान याच समुद्रावरून ध्वनीच्या दुप्पट वेगाने जायचं. १९९६ मध्ये त्याने न्यूयॉर्क-लंडन २ तास ५३ मिनिटांत गाठलं. २००३ मध्ये तेही बंद झालं. त्यामुळे १९७४ चा आकडा पुस्तकात तसाच आहे. तो मोडायला त्या वाटेने जाणारंच कुणी उरलेलं नाही.

आपल्याकडेही त्या वेगाचं एक विमान होतं, हे मुलांना माहीत नव्हतं. रशियन बनावटीचं मिग-२५. भारतीय हवाई दलात ते १९८१ मध्ये आलं आणि २००६ मध्ये निवृत्त झालं. तेही टेहळणीसाठीच. ते आलं तेव्हा हवाई दलप्रमुख होते एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. हैदराबादचे. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात जाण्याचा पर्याय समोर असताना ते इथे राहिले, पुढे हवाई दलाच्या सर्वोच्च पदावर पोहोचले, आणि निवृत्तीच्या तोंडावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या मिग-२५ मध्ये स्वतः बसून उडाले. नंतर १९८२ ते १९८५ ते आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल होते. हे नाव फळ्यावर लिहिल्यावर वर्गात एक प्रकारची शांतता पसरली. आमच्या मुलांना "तुमचे" आणि "आमचे" हे शब्द लहान वयात ऐकावे लागतात. ती शांतता कशाची होती, ते मी त्यांना विचारलं नाही.

त्या दिवशी मी मुलांना दोन शब्द दिले, रफ्तार आणि परवाज. दोन्ही फारसीतून उर्दूत आलेले. रफ्तार म्हणजे चाल, वेग. हा शब्द मराठीतही सर्रास चालतो. परवाज म्हणजे उड्डाण, भरारी. दोन्हींचा एकेका वाक्यात उपयोग करा, असं सांगितलं. रफ्तारची वाक्यं भराभर आली, बहुतेक मोटारसायकलवरची. परवाजला मुलं अडली. पक्ष्यांच्या पुढे कुणाचं वाक्य सरकेना. तेव्हा मी बोरिवलीची गोष्ट काढली.

बोरिवलीची आरोही पंडित. बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकलेली. जुलै २०१८ मध्ये ती आणि तिची मैत्रीण कीथेअर मिस्क्विटा, दोघी एका चिमुकल्या विमानातून पतियाळाहून जगप्रदक्षिणेला निघाल्या. विमानाचं नाव माही. वजन चारशे किलोंच्या थोडं वर, म्हणजे आपल्या साध्या मोटारीच्या निम्मंही नाही. इंजिन एकच, साधारण बाराशे सीसीचं, छोट्या गाडीला असतं तेवढं. पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान, सर्बिया असं करत त्या युरोपात पोहोचल्या.

पुढे होता अटलांटिक. विमानात जागा दोघींची, पण समुद्रावर जायचं तर जीवरक्षक तराफा हवा, प्राणवायूची सोय हवी. ते सामान ठेवलं की एकच जागा उरते. म्हणून कीथेअरने जमिनीवरची बाजू सांभाळली आणि मे २०१९ मध्ये आरोही एकटी निघाली. वय तेवीस. स्कॉटलंडच्या विक गावाहून आइसलंड, तिथून ग्रीनलंडच्या बर्फाच्या पठारावरून पलीकडे, आणि शेवटी कॅनडातलं इकॅल्युइट. सुमारे तीन हजार किलोमीटर. अशा हलक्या विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती जगातली पहिली स्त्री. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती अलास्कातून बेरिंगचा समुद्र ओलांडून रशियातही गेली.

माहीचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. घड्याळ लावून बसलं तर ही प्रगती उलटीच दिसते. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला, साडेतेहतीस तासांत. १९६९ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या फँटम या लढाऊ जेटने न्यूयॉर्क-लंडन पावणेपाच तासांच्या आसपास आणलं. पाच वर्षांनी ब्लॅकबर्डने ते दोन तासांच्या आत आणलं. आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी बोरिवलीची मुलगी तोच समुद्र थांबत थांबत, हवामानाची वाट बघत, कित्येक दिवसांत ओलांडते, आणि जग त्यालाही विक्रम म्हणतं. मुलांना हे पटेना. एक जण म्हणालाच, "टीचर, हे तर स्लो आहे."

हळू जाण्याबद्दल आमच्या घरात एक जुनी आठवण आहे. माझे दादा समुद्रमार्गे हजला गेले होते. तेव्हा मुंबईहून मुघल लाइनची जहाजं जेद्द्याला जात. गावाकडची माणसं आधी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्कामाला येत, मग बंदरावर. जहाजाला दहा ते पंधरा दिवस लागत. दादा सांगायचे की त्या दिवसांत त्यांनी हजच्या सगळ्या दुआ पाठ केल्या, बिहारच्या एका माणसाशी जन्माची दोस्ती केली आणि पोहोचेपर्यंत ते अर्धे हाजी झालेच होते. १९९५ मध्ये मुंबईहून जाणारं शेवटचं हजचं जहाज सुटलं. आता विमानाने पाच-सहा तास लागतात. अम्मी-अब्बा विमानाने गेले आणि आम्हाला त्यात आनंदच वाटला. अब्बांचे गुडघे बघता बोटीचे हाल त्यांना सोसले नसते. त्यामुळे जुनं तेच चांगलं असं मी म्हणणार नाही. मला एवढंच दिसतं की दादांनी कधी किती दिवस लागले हे अभिमानाने सांगितलं नाही. खेड्यातला एक शेतकरी समुद्रापलीकडे गेला, हे ते सांगायचे.

आरोहीची गोष्ट ऐकून वर्गातल्या मुलांनी विमानाविषयी विचारलं. मुलींनी विमानाविषयी काहीच विचारलं नाही. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी आहे, फारशी बोलत नाही, अक्षर मात्र मोत्यासारखं. तिने विचारलं, "ती एकटीच गेली? तिच्या घरच्यांनी सोडलं?"

मी तिला सरळ सांगितलं, सोडलं. नुसतं सोडलं नाही, तर शिकवलं.

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. आमच्या शाळेतल्या मुली हुशार आहेत. दहावीचा निकाल लागतो तेव्हा पहिल्या पाचांत बहुतेक मुलीच असतात. मग जूनमध्ये पालक येतात. कॉलेज कुठे आहे? अंधेरीला. मेट्रोने जावं लागेल? एकटीने? यायला किती वाजतील? त्यापेक्षा इथलंच जवळचं बघा, आर्ट्स असलं तरी चालेल. घाटकोपर ते अंधेरी मेट्रोने जेमतेम वीस मिनिटं लागतात. ती मेट्रो २०१४ पासून धावते आहे. ती आली तेव्हा मला वाटलं होतं, आता हा प्रश्न मिटला. रफ्तार दारात आली होती. पण आमच्या कित्येक मुलींसाठी ती वीस मिनिटं अटलांटिकएवढीच राहिली.

पालकांना दोष देऊन मी मोकळी होत नाही. त्यांची काळजी खोटी नाही. बाहेर काय ऐकावं लागतं ते मी स्वतः ऐकलेलं आहे, हिजाब घालून बी.एड.ला जात होते तेव्हापासून. पण काळजीचं उत्तर दार लावणं हेच असेल, तर मग मुलगी दहावीत पहिली आल्यावर पेढे कशाचे वाटायचे?

विमान चालवणं म्हणजे आपल्यासारख्यांचं काम नाही, असंही पालक म्हणतात. खर्चाचं म्हणाल तर ते खरं आहे. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं आणि त्याचा खर्च लाखांत जातो. पण हैदराबादच्या जुन्या शहरातली सय्यदा सल्वा फातिमा बेकरीत काम करणाऱ्या माणसाची मुलगी आहे. लोकांनी मदत केली, सरकारने मदत केली, आणि ती वैमानिक झाली. हिजाब घालूनच. आपल्या देशात वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे. जगाची सरासरी याच्या निम्मीही नाही. म्हणजे ज्या देशात मुलीला एकटं सोडायला घर घाबरतं, त्याच देशात मुली सगळ्यात जास्त विमानं चालवतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि आमच्या मुलींना त्यांतली पहिलीच ठाऊक असते.

आणि हे सगळं फार लांबचं नाही. जुहूचा विमानतळ अंधेरी स्टेशनपासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. तिथेच शिकून जेआरडी टाटांनी १९२९ मध्ये भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतातल्या नागरी विमानसेवेची सुरुवात तिथली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेलिया इअरहार्टने अटलांटिक एकटीने ओलांडला होता, आणि तसं करणारी ती पहिली स्त्री होती. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोहीने जेआरडींच्या त्या उड्डाणाची आठवण म्हणून त्याच माहीमधून प्रवास केला. कराची आता सरहद्दीपलीकडे, म्हणून तिने भुजहून सुरुवात केली आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरली. बोरिवलीहून जुहू गाडीने तासाभराचा रस्ता. तिला मात्र तो अटलांटिक आणि बेरिंगवरून पडला.

ब्लॅकबर्डचा विक्रम मला लहान करायचा नाही. दोन माणसं त्या तापलेल्या धातूत बसली, त्यांची हिंमत आणि ज्यांनी कॉम्प्युटरआधीच्या काळात ते विमान आखलं त्यांची बुद्धी, दोन्हींना सलाम. पण त्या विमानाच्या मागून कुणाला जाता आलं नाही. ते जाण्यासाठी बनलेलंच नव्हतं. बोरिवलीच्या मुलीने जे केलं त्यात मागून येणाऱ्यांना जागा आहे. म्हणून मुलांनी वहीत दोन्ही आकडे लिहावेत, पण परवाज या शब्दापुढे कोणतं वाक्य लिहायचं ते नीट विचार करून ठरवावं.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबते. ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी कुणाची मुलगी यंदा दहावीला असेल तर उपयोगी पडेल. वैमानिक व्हायला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. इंजिनिअर व्हायलाही लागतंच. आणखी पुष्कळ दारं या दोन विषयांनी उघडतात आणि अकरावीच्या फॉर्मवर एका खुणेने बंद होतात. मुलगी पुढे काय होईल ते तिचं ती आणि अल्ला जाणे. तो फॉर्म भरताना तिला शेजारी बसवा, पेन तिच्या हातात द्या, आणि कॉलेज दोन स्टेशनं लांब असेल तर पहिले आठ दिवस तिच्याबरोबर मेट्रोने जाऊन या. नवव्या दिवशी तिला एकटीला जाऊ द्या.